एकच तांब्या

तिचा सत्कार ठरला तेव्हा तिचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडं आलं. सणसरचे तात्या, म्हणजे सत्कार समितीचे अध्यक्ष, मुद्दाम इंदापूरला आले आणि त्यांनी मला कोर्टाच्या आवारात गाठलं. तुम्ही तिच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण, वर वकील, तुमच्याइतकं नेमकं कोण बोलणार, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला एकच कारण होतं आणि ते तात्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मला तिचा हेवा वाटत होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

आम्ही दोघी सणसरच्या एकाच वस्तीतल्या. छप्पन साली आमच्या आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली, घरातले देव बाहेर गेले आणि पाटी-पुस्तक आत आलं. तिचे वडील साखर कारखान्यात काट्यावर होते, माझे एसटीत कंडक्टर. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, एकाच गाडीनं बारामतीला कॉलेजला गेलो, पुण्याला कायदा शिकलो तेव्हा वसतिगृहाची खोलीही एकच होती. मार्क मला जास्त पडायचे. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण आता ते लक्षात ठेवणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

पदवी झाल्यावर मी काळा कोट चढवला आणि इंदापूरच्या कोर्टात लिंबाखाली टेबल टाकलं. बांध कोरला, वाट अडवली, वाटपात विहीर कुणाला, नवरा पोटगी देत नाही, अशी माझी कामं. ती पुढं शिकत राहिली आणि बारामतीला कायदा शिकवायला लागली. तेव्हा मी तिला हसायचे. म्हणायचे, मास्तर जागेवरच राहतो आणि पोरं पुढं जातात, तू आयुष्यभर एसटी स्टँडसारखी एका ठिकाणी उभी राहणार. ती म्हणायची, असू दे, स्टँडवर सावली तरी असते.

आणि मग नव्वदीच्या सुरुवातीला स्टँडच उठून निघून गेलं.

पूर्वेकडं कंबोडिया म्हणून देश आहे. तिथं बरीच वर्षं लढाई चालली होती, ती थांबली. लढाई थांबली म्हणजे सगळं थांबत नाही. माणसं घरं-शेतं टाकून पळालेली, त्यांच्या शेतात दुसरेच कसत बसलेले, कागद जळालेले, वकील-न्यायाधीश कुणी शिल्लक नाहीत. तिथं कायद्याची घडी बसवायला ठिकठिकाणाहून माणसं जात होती. दिल्लीला जमिनीच्या हक्कांचा कायदा जाणणारं कुणीतरी हवं होतं. तिचा प्रबंध नेमका त्याच विषयावर. तिचं नाव कुणी सुचवलं ते मला माहीत नाही. पण बारामतीची प्राध्यापक दिल्लीला मुलाखतीला गेली आणि आपल्या वकिलातीत कायद्याची सल्लागार होऊन तिकडं रवाना झाली. जाताना तिनं मला पुण्याच्या बोर्डिंगच्या दिवसांतली तिची जुनी शाल दिली. मी ती कपाटात खाली, चादरींच्या तळाशी घालून ठेवली.

तिनं माझं काही हिरावून घेतलं नव्हतं. माझ्या हातातली संधी ओढली नव्हती, पाठीमागं वाईट बोलली नव्हती. हीच तर पंचाईत होती. शत्रू पुढं गेला तर सोसता येतं, त्याच्यावर निदान राग तरी धरता येतो. हिच्यावर राग धरायला खुंटीच नव्हती.

सणसरला गेलं की तिची आई भेटायची. मावशी मला हाताला धरून घरात नेत आणि भिंतीवरचा फोटो दाखवत. फोटोत ती पांढऱ्या साडीत, दोन्हीकडं भगव्या चिवरातले भिक्खू आणि मागं पडझड झालेलं विहार. माझी लेक बुद्धाच्या देशात सरकारी कामाला हाय, असं मावशी प्रत्येक वेळी सांगत. मी प्रत्येक वेळी छान म्हणत असे. मग घरी येईपर्यंत माझ्या पोटात दुखत राही. कुठल्याच डॉक्टरकडं त्यावर गोळी नव्हती, असं आमचे हे म्हणायचे. आमचे हे हायस्कूलला गणित शिकवतात. माझ्या दुखण्याचं निदान त्यांनी फार आधी केलं होतं आणि त्यावर चेष्टेशिवाय दुसरा उपाय केला नाही.

दोन वर्षांनी ती परत आली. येण्याआधीच तिची मुलाखत इथल्या वर्तमानपत्रात छापून आली होती. मी ती कोर्टाच्या कँटीनमध्ये उभ्यानं वाचली. भांडणाऱ्या दोन बाजूंना एकत्र कसं बसवलंत, असं कुणीतरी विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं होतं, की मी फार काही केलं नाही, एका पाण्यावर माणसं कशी आणायची ते मी माझ्या तालुक्यातच पाहिलं होतं. बस, एवढंच वाक्य. पुढं निवडणुका, पुढं कायदा, पुढं आभार.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण ते पाणी माझ्या घरचं होतं.

त्याची गोष्ट अशी. ती बारामतीला शिकवत होती तेव्हाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती चार दिवस माझ्याकडं इंदापूरला राहायला आली होती. त्या वेळी दोन चुलतभावांचा तंटा माझ्याकडं चालला होता. कालव्याचं पाणी शेताकडच्या चारीला आलं की पहिली पाळी कुणाची, एवढाच वाद. पण त्यावरून डोकी फुटली होती आणि एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणं बंद झालं होतं. धाकटा माझा अशील. थोरल्यालाही निरोप धाडून मी दोघांना घरी बोलावलं, बघू मिटतंय का म्हणून.

आमच्या लोकांत पाण्याचं वजन काय आहे ते वेगळं सांगायला नको. आमच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेललं. म्हणून असेल, पण आमच्याकडं एखाद्याच्या समोर पाणी नाकारणं ही शिवीपेक्षा मोठी गोष्ट आहे. भांडण झालं की माणूस म्हणतो, तो बसलाय तिथं मी पाणीसुद्धा पिणार नाही. आणि मग तो खरंच पीत नाही. तंटा मिटवायला बसल्यावर सगळ्यांचा डोळा पाण्यावर असतो. जो आधी प्याला तो नमला, असं धरतात. त्यामुळं कुणीच पीत नाही.

त्या दिवशी तेच झालं. थोरला ओसरीच्या या टोकाला, धाकटा त्या टोकाला. मी पाणी आणलं, दोघांनी हात लावला नाही. मी बोलले, ती बोलली. तिनं तर कायद्याचं पुस्तक उघडून पाणीवाटपाचा नियम वाचून दाखवला. दोघं भिंतीकडं बघत बसले. ऊन डोक्यावर आलं. दारात आलेल्या माणसाला जेवणाच्या वेळी उपाशी घालवता येत नाही, म्हणून मी चूल पेटवली.

मी खर्डा केला. हिरव्या मिरच्या तव्यावर काळ्या होईपर्यंत भाजल्या, लसूण घातला, मीठ घातलं, मूठभर शेंगदाणे, आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडला. मिरच्या जरा जास्तच घेतल्या. ज्वारीच्या भाकरी थापल्या. दोघांना समोरासमोर बसवलं, मध्ये तोच तांब्या धुऊन भरून ठेवला. एकच. फुलपात्र नाही, पेला नाही. ही माझी युक्ती होती. यावर आमच्या ह्यांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते घरात भाजी नव्हती म्हणून खर्डा झाला आणि बाकीची भांडी घासायला पडली होती म्हणून तांब्या एकच होता. गणिताच्या मास्तरांना युक्ती आणि योगायोग यांतला फरक कळत नाही, हे मी त्यांना अनेकदा ऐकवलं आहे.

चार घासांत थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. धाकट्याचं नाक वाहायला लागलं. दोघंही मुकाट जेवत होते आणि एकमेकांच्या हाताकडं बघत होते. मग एकदमच दोघांचे हात तांब्याकडं गेले. थोरल्याचा हात आधी लागला. त्यानं तांब्या उचलला खरा, पण जन्माची सवय कुठं जाते? धाकटा भाऊ समोर तहानलेला असताना थोरल्यानं आधी प्यायचं नसतं. त्यानं तांब्या तसाच पुढं केला.

“घे,” तो म्हणाला.

“तुमी घ्या आदी, दादा,” धाकटा म्हणाला.

कितीतरी दिवसांनी ते एकमेकांशी बोलले होते. मग कोण आधी प्याला तेही आम्हाला कळलं नाही, कारण दोघंही हसायला लागले होते आणि खोकायला लागले होते. दिवस मावळायच्या आत पाळ्या ठरल्या. पुढच्या तारखेला आम्ही कोर्टात तडजोड दाखल केली. माझ्या खर्ड्याची गोष्ट पुढं बाररूममध्ये बरेच दिवस चालली. ते दोघं गेल्यावर ती ओसरीवरच बसून राहिली होती. तो रिकामा तांब्या तिच्या हातात होता आणि ती तो उगाच फिरवून बघत होती. मला वाटलं, तिलाही तिखट लागलं असावं.

तर ती ही गोष्ट. आता तीच गोष्ट परदेशी जाऊन आली, वर्तमानपत्रात छापली गेली आणि तीत ‘माझा तालुका’ होता, मी नव्हते. तालुक्यानं काय मिरच्या भाजल्या होत्या? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

परिचय लिहायला बसले तेव्हा हे सगळं लेखणीत उतरत होतं. ‘विद्वान’ लिहिलं आणि खोडलं, ‘अभ्यासू’ केलं. ‘तालुक्याचं नाव उज्ज्वल केलं’ असं प्रत्येक परिचयात असतं म्हणून लिहिलं, मग तेही काढलं. जन्म, शाळा, पदवी, अध्यापन, दिल्ली, कंबोडिया. शेवटी उरलं ते ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, हे ऐकून लोकांना वाटंल आरोपीचं वर्णन चाललंय. मी कागद हिसकावून घेतला.

मी त्यांना सरळ सांगितलं, की सत्काराला ती उत्तर देईल तेव्हा ही गोष्ट निघणारच. त्या वेळी तिनं माझं नाव घेतलं पाहिजे. मला हार नको, शाल नको. ज्या गावात आम्ही दोघी वाढलो त्या गावासमोर एकदा सांगावं, की हे हिचं आहे.

“आनि न्हाई घेतलं तर?” ह्यांनी विचारलं.

“तर माजं तिचं संपलं.”

ते हसले नाहीत. एरवी हसले असते. मी खरंच बोलत होते हे त्यांना कळलं असावं. एका बाकावर बसून शिकलेली मैत्रीण मी एका वाक्यावर टांगून ठेवली होती, आणि त्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं.

सत्कार शाळेच्या मैदानावर झाला. गळिताचे दिवस होते. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या आणि ट्रॅक्टरवरची गाणी माईकच्या वर ऐकू येत होती. वस्तीतली सगळी आली होती, गावातले बागाईतदार आले होते, ज्यांच्या आजोबांनी आमच्या आजोबांना ओसरीवर चढू दिलं नव्हतं ते पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. मावशी नव्या पांढऱ्या लुगड्यात स्टेजवर. ती मात्र बारामतीला शिकवायला जायची तशीच, साधी कॉटनची साडी आणि हातात घड्याळ. तब्येत थोडी उतरली होती. तेवढंही मला बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

मी परिचय वाचला. एक अक्षर चुकलं नाही. मी कागदाकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, ट्रॅक्टरकडं बघितलं. तिच्याकडं बघायची गरज पडली नाही. टाळ्या झाल्या. फेटा बांधला, नारळ दिला, शाल दिली. मग ती बोलायला उठली.

सुरुवातीला तिनं आईचं नाव घेतलं, शाळेचं घेतलं, बाबासाहेबांचं घेतलं. मग तिकडच्या माणसांचं सांगितलं. एका घरात पाच ताटं होती आणि जेवायला एकच म्हातारी, असं काहीतरी. मग म्हणाली, दोन्ही बाजूंची माणसं एका खोलीत यायची, पण एकमेकांशी बोलायची नाहीत, चहालाही शिवायची नाहीत. आता येणार, मला कळलं.

आणि तिनं गोष्ट सांगितली. चुलतभाऊ, चारी, पाळी, खर्डा, तांब्या. मग म्हणाली, मीही तिकडं तेच केलं, तव्यावर मिरच्या भाजल्या, मध्ये एकच तांब्या ठेवला, आणि दोन शत्रूंचे हात एका वेळी पाण्याकडं गेले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. ती थांबली, आणि टाळ्या विरल्यावर बोलली.

“ही युक्ती माजी न्हाई. आत्ता माजा परिचय करून दिला त्या वकीलबाईंची हाय. मी नुसती भाकरी मोडत बसले व्हते.”

तिनं माझ्याकडं हात केला. मला उठून उभं राहावं लागलं. मी नमस्कार केला. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर गावचे एक आबा होते. ते टाळ्या वाजवता वाजवता पलीकडच्याला म्हणाले, “केवढं मोठं मन हाय बगा पोरीचं.”

मला हवं होतं ते मला मिळालं, आणि मिळालं त्याच घडीला ते तिचं होऊन गेलं. टाळ्या माझ्या खर्ड्याला नव्हत्या, तिच्या मोठ्या मनाला होत्या. नाव घेतलं नसतं तर ती आपमतलबी ठरली असती आणि मी सुखानं जळत बसले असते. आता तेही गेलं. मी खाली बसले आणि बाकीचं भाषण मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडं जेवायला आली. मी बोलावलंच नव्हतं, तीच स्टेजवरून उतरताना म्हणाली होती, उद्या तुझ्याकडं येते, खर्डा कर. गाडी नको म्हणाली आणि एसटीनं आली. आल्या आल्या ह्यांना म्हणाली, दाजी, तुमी म्हातारं झाला. हे म्हणाले, मेव्हणीबाई परदेशी गेल्यावर इथं दुसरं करायला काय होतं? मग त्यांनी पाटावर दोन ताटं मांडली, मध्ये एक तांब्या ठेवला आणि शाळेत काम आहे म्हणून निघून गेले. रविवार होता.

मी खर्डा केला होता. मिरच्या किती घेतल्या ते सांगत नाही. त्या दिवशी चुलतभावांना घातल्या त्याहून कमी नव्हत्या. रगडताना माझ्या मनात तिच्याविषयी जे जे होतं ते सगळं तांब्याच्या बुडाखाली गेलं. दोन-चार घासांत रडशील बाई, असं मी मनात म्हटलं आणि भाकरी वाढली.

पहिल्या घासाला मलाच ठसका लागला. दुसऱ्याला डोळे भरले. ती शांतपणे जेवत होती. तिनं अर्धी भाकरी संपवली, बोटानं खर्डा निपटून घेतला आणि म्हणाली, आणखी आहे का? तिच्या कपाळावर घाम नव्हता. मी तिच्याकडं बघतच राहिले. इतकी वर्षं कोर्टात उभी राहिल्यावर साक्षीदार कुठं ढिला पडतो ते आपोआप दिसतं. पाण्याकडं हात न नेता मी विचारलं.

“तिकडची मिरची कशी असती?”

“बारीक. करंगळीच्या पेरायेवढी. पन तिच्यापुडं ही म्हंजी गूळ.”

“आनि ती मान्सं रोज खात्यात?”

“रोज. कच्ची. जेवनासंगं.”

“मग तुज्या खर्ड्यानं त्येंना तहान कशी लागली?”

तिचा हात ताटातच थांबला. मग ती हसली, पण स्टेजवर हसली होती तसं नाही. बोर्डिंगच्या खोलीत चोरून आणलेल्या शेंगा सापडल्या की हसायची, तसं.

“न्हाई लागली,” ती म्हणाली. “दोगंबी खाऊन गप बसली. एकानं वरनं आनकी मागितला. तांब्याला कुनी शिवलंच न्हाई.”

म्हणजे काल मैदानात सांगितलं ते खोटं होतं. माझ्या खर्ड्यानं तिकडं कुणाचा समेट झाला नव्हता. कोपऱ्या-कोपऱ्यावर, पारावर, कारखान्याच्या गेटवर लोक आता ज्याची गोष्ट सांगणार होते, ते घडलेलंच नव्हतं. मी विचारलं, मग सांगितलंस कशाला?

ती म्हणाली, “तू परिचय वाचत व्हतीस. समदं बरोबर व्हतं. पन माज्याकडं एकदाबी बगितलं न्हाईस. मला वाटलं, ही आज हितनं अशीच गेली तर परत घावायची न्हाई. तुजं नाव घ्यायला मला दुसरी जागा सापडंना.”

मला राग आला. खरंच आला. म्हणजे तिनं भर सभेत माझीही समेटाची बैठक बसवली होती, दोन्ही बाजूंची माणसं समोर असतात तशी, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. इतकी वर्षं तंटे मिटवणारी मी, आणि काल मीच तंट्यातली एक बाजू होते. मी रागानंच विचारलं, की मग तिकडं मिटलं कशानं? का तेही खोटंच?

मग तिनं सांगितलं. हे तिनं मैदानात सांगितलं नव्हतं, मुलाखतीतही नव्हतं. पळून गेलेले लोक परत येत होते आणि त्यांच्या शेतात दुसरा कुणी कसत होता. परत आलेला म्हणे माझं, कसणारा म्हणे माझं. कचेरीत जो आधी पोचेल त्याचा अर्ज आधी, त्याचा हक्क पक्का. त्यामुळं लोक रात्रीपासून रांगा लावत, रांगेत मारामाऱ्या होत. तिनं एक कलम सुचवलं. एकट्याचा अर्ज घ्यायचाच नाही. परत आलेला आणि कसणारा, दोघं मिळून टेबलापुढं उभे राहिले तरच कागद घ्यायचा. दोघांचं म्हणणं वेगळं असू दे, भांडण असू दे, पण अर्ज एक आणि सह्या किंवा अंगठे दोघांचे. मग आधी कोण हा प्रश्नच उरत नाही. एकाला दुसऱ्याच्या दारात जाऊन, चल म्हणावंच लागतं. आणि एकदा चल म्हटलं की बरेच लोक वाटेतच काहीतरी ठरवून येत.

“मोठ्या लोकांनी पहिल्यांदा हसण्यावारी न्हेलं,” ती म्हणाली. “मग एका जिल्ह्यात करून बगितलं. तितं ऱ्हायलं ते. आता त्येंच्या नियमात हाय, माजं नाव कुटंच न्हाई त्याच्यावर. आनि हितं ह्ये कुनाला सांगू? आईला सांगितलं तर ती म्हनली, बरं झालं, जेवलीस का?”

मी वकील आहे. कलम ऐकलं की ते चांगलं की वाईट हे मला कळतं, त्यात मत्सर आड येत नाही. मी ते मनातल्या मनात आमच्या लोकांना लावून बघितलं. बांधाला लावलं, वाटेला लावलं, विहिरीला लावलं. चालत होतं. कुठं अडकत नव्हतं. एवढी वर्षं मी लिंबाखाली बसून रोज एकेका बाजूचा वेगळा अर्ज लिहीत आले होते.

“त्या दिवशी खर्डा तू केलास,” ती म्हणाली, “पन मी तांब्या बगत बसले व्हते. दोन असते तर काय झालं असतं, म्हनून.”

ती रिकामा तांब्या हातात घेऊन ओसरीवर बसली होती ते मला आठवलं. त्या दिवसापासून मी माझ्या मिरच्यांची गोष्ट सांगत फिरले. काम मिरच्यांनी नाही, एकाच तांब्यानं केलं होतं, हे माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि ते तिला दिसलं होतं. मार्क मला जास्त पडायचे. पण हे मला सुचलं नसतं. आणखी दहा वर्षं कोर्टात काढली असती तरी सुचलं नसतं. इतका हेवा मला तिचा फोटो बघून वाटला नव्हता, टाळ्या ऐकून वाटला नव्हता.

माझं तोंड पेटलं होतं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते कशाचं ते तिनं विचारलं नाही. तांब्या आमच्या दोघींच्या मध्ये होता. तिला तहान नव्हती. तिनं हात मागं घेऊन मांडीवर ठेवला होता आणि खाली बघत होती. मी किती वेळ घेतला तरी तिनं तो पुढं सरकवला नसता, हे मला ठाऊक होतं.

आमच्याकडं जो आधी पितो तो नमतो. मी तांब्या उचलला आणि प्याले.